एक इंचाची सुपारी

सोजरनं आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते सुपाऱ्या मोजायचं.

येत्या मार्गशीर्षात त्याला दोन वर्षं होतील. लोहाऱ्यात आमच्या अंगणात दुपारचं ऊन होतं. पोतं अंथरलं होतं आणि त्यावर माझी मापाची जुनी हत्यारं मांडली होती. दर अमावस्येला आम्ही नवराबायको ती उन्हात काढायचो. सोजर जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानं पुसायची, मी मागनं तेलाचा हात फिरवायचो. त्या दिवशी एका पेटीतली सुपारी किडलेली निघाली. सोजर तशीच उठली, वाण्याकडं गेली, पावशेर सुपाऱ्या घेऊन आली आणि माझा व्हर्नियर, तो मापाचा चिमटा, हातात घेऊन एकेक सुपारी मोजायला बसली. तिला बरोबर एक इंचाची पाहिजे होती.

"ही न्हाय. ही बी न्हाय. ही तर तुमच्या डोक्यावानी, एका अंगानं चपटी."

चौदावी का पंधरावी सुपारी मापात आली. "बसली," ती म्हणाली. पेटीतल्या मखमलीला एक गोल खड्डा होता, त्यात ती ठेवली. झाकण लावलं, उरलेल्या सुपाऱ्या डब्यात टाकल्या, चहा केला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोरीवर लुगडं वाळत घालताना ती खाली बसली, ती उठलीच नाही. दवाखान्याची जीप दारात यायच्या आधी संपलं होतं.

आमच्या गावच्या सरांनी सांगितलं, मिस्त्री, दिवाळी अंकात तुमच्या कामाबद्दल लिहा. म्हणलं, मी चौथीपर्यंत गेलेला माणूस, काय लिहू? ते म्हणले, बोलता तसं लिहा. मग बोलतो तसंच लिहितो. आवडलं नाही तर पुढचं पान उलटा.

मी टर्नर. टर्नर म्हणजे लेथवर लोखंड गोल कातणारा. सोलापूरच्या एका मिलीच्या वर्कशॉपात आठ वर्षं आणि मग लोहाऱ्यात स्वतःचं दुकान, चौतीस वर्षं. पंपाचे शाफ्ट, जीपचे एक्सल, कडबाकुट्टीची चाकं, सगळं केलं. आमच्या धंद्यात इंचाचे हजार भाग करतात. एका भागाला म्हणतात थाऊ. तुमच्या डोक्याचा केस तीन थाऊ जाड असतो. सोजरचा चार होता, मोजलाय मी. बेअरिंग शाफ्टवर बसवायचं तर एका थाऊची चूक चालत नाही. डोळ्याला दिसत नाही ते मोजायचं, हीच आमची विद्या. त्याला हत्यार लागतं, आणि हत्यार खोटं निघालं तर टर्नर खोटा.

जुनी मापाची हत्यारं गोळा करायचा नाद मला मिल बंद पडल्यावर लागला. लोक म्हणायचे, म्हातारा भंगार जमवतोय. जमवू दे. सोलापूर, लातूर, बार्शी, कुठल्या भंगारवाल्याकडं कुठला ढीग आहे ते मला पाठ होतं. गंजलेल्या नटांच्या ढिगात हात घातला आणि बोटाला गार, गुळगुळीत, घासून केलेलं लोखंड लागलं की मी तिथंच बसून ढीग उपसायचो. एकदा लातूरला उंची मोजायचं विलायती हत्यार एकानं दुकानात कंदील टांगायला वापरलेलं बघितलं. ती पट्टी, तो बारीक स्क्रू, आणि वर कंदील! मी त्याला त्याच्या मापाचा नवा लोखंडी आकडा घडवून आणून दिला आणि हत्यार घेऊन आलो. येताना एसटीत मांडीवर ठेवलं. शेजारच्या बाईनं विचारलं, देव आहे का? म्हणलं, व्हय.

अशी एकोणीस हत्यारं आहेत माझ्याकडं. शंभर वर्षांपूर्वीचा आतलं माप घ्यायचा मायक्रोमीटर, कांड्यांसकट. एक पाणसळ, जिचा बुडबुडा पोतं सरकवलं तरी हलतो. पण त्यातलं ज्याच्यासाठी मी वेडा झालो ते एकच. एक ते दोन इंचाचा मायक्रोमीटर, नंबर ४१७.

हा माझ्या उस्तादाचा. मिलीतले उस्ताद, करीमभाई. त्यांनी मला हात धरून शिकवलं. मायक्रोमीटर म्हणजे लोखंडाची कमान. एका टोकाला बसकी, दुसऱ्या टोकाकडून स्क्रू येतो, वस्तू मधे धरायची. एक इंचापर्यंतचा मायक्रोमीटर पुरा बंद होतो, आणि बंद झाला की रेघ झिरोवर आली पाहिजे. पण एक ते दोन इंचाचा बंद होत नाही, मधे इंचभर फट राहते. मग त्याचा झिरो बघायचा कसा? त्याच्या जोडीला बरोबर एक इंच रुंद पोलादी चकती येते, मधे भोक, घेर आरशासारखा घासलेला. तिला मास्टर म्हणतात. चकती मधे धरायची आणि रेघ बघायची. मास्टर नाही तर तो मायक्रोमीटर खरं बोलतो का खोटं, कळायला मार्ग नाही. उस्ताद म्हणायचे, "झिरो देखे बगैर नाप नक्को लेव." रोज सकाळी बिडीच्या आधी झिरो बघायचे.

मिल बंद झाली, सामान भंगारात गेलं, उस्तादही गेले. त्यानंतर चार वर्षांनी सोलापुरात एका गोदामात मला त्यांची पेटी सापडली. लाकडी, आत निळी मखमल, कमानीवर ४१७. मी पेटी तिथंच छातीला लावली. पण मखमलीतला गोल खड्डा रिकामा होता. मास्टर नव्हता.

त्यानंतर सत्तावीस वर्षं मी ती चकती हुडकली. बाजारात दुसरी मिळते, मिळत नाही असं नाही. पण जोडीची ती जोडीची, तिच्यावरही ४१७ कोरलेला. उस्तादानं जो झिरो लावला होता तो त्या चकतीवर. तो बदलायला मी स्क्रूला चावी लावली नाही कधी. पुण्याचा एक माणूस गाडी घेऊन सगळी हत्यारं मागायला आला होता, त्यानं लगेच तो खड्डा बघितला आणि म्हणला, याचा मास्टर नाही. म्हणलं, येईल. तो हसला. त्याला चहा पाजून लावून दिलं.

आता सुपारी. माझ्या दुकानाची पूजा झाली तेव्हा सोजर पहिल्या बाळंतपणाला माकणीला माहेरी होती. भटजी म्हणले, बायको हजर नसली तर तिच्या जागी सुपारी चालते. मी सुपारी कमरेला खोचून पूजा केली. ती पोरगी घेऊन परत आली आणि हे कळलं, तेव्हापासून चाळीस वर्षं तिनं मला सोडलं नाही. भांडण झालं की म्हणायची, "जावा, त्या सुपारीला सांगा भाकरी टाकायला." मग पेटी घरात आली, तिनं तो रिकामा खड्डा बघितला, आणि खंडेनवमीला हत्यारं पुजताना त्यात सुपारी ठेवून दिली.

"हजर न्हाय तवर हे चालतंय," ती म्हणाली. "तुमचा मास्टर आला की ही सुपारी म्या फोडून खाणार."

खंडेनवमीची एक गोष्ट मात्र मला सांगितलीच पाहिजे, ती माझ्या तोंडाला काळं फासणारी आहे. दुकान नवं होतं तेव्हाची. सोजरनं पूजा केली, प्रत्येक हत्याराला हळदकुंकू लावलं, मनापासून, जिथं हत्यार काम करतं तिथंच. मायक्रोमीटरच्या बसकीवर. चार दिवसांनी माकणीच्या एका शेतकऱ्याचा पंपाचा शाफ्ट मी कातला. बेअरिंग ढिलं बसलं, शाफ्टवर गरगर फिरायला लागलं. तो परत आला, उभं पीक वाळतंय म्हणून ओरडायला लागला. मी बेअरिंगला शिव्या दिल्या, दुकानदाराला दिल्या. सोजर डबा घेऊन आली होती. तिनं शाफ्ट हातात घेतला आणि विचारलं, "ह्याला कुंकू कुणी लावलं?"

शाफ्टवर तांबडा ठिपका होता. कुंकवाचा कण बसकीवर चिकटून बसला होता. मायक्रोमीटरनं कणासकट माप दाखवलं, मी मापात आणायला तेवढं जास्त कातलं. दीड-दोन थाऊ. म्हणजे शाफ्ट बारीक झाला, कुंकवाएवढा.

मी तिला त्या शेतकऱ्यासमोर लई बोललो. हत्यार बाटवलंस म्हणलो. ती डबा ठेवून गेली. शाफ्ट मी नवा करून दिला. पण त्या दिवशी सकाळी झिरो बघितला असता तर कुंकू तेव्हाच सापडलं असतं. झिरो बघायचं काम बायकोचं नाही, टर्नरचं. हे मला संध्याकाळपर्यंत कळलं होतं. तिला म्हणायला पाहिजे होतं. म्हणलो नाही, ना त्या दिवशी, ना पुढं कधी. ती पुढच्या खंडेनवमीपासून कुंकू फक्त पेट्यांच्या झाकणाला लावायला लागली, आणि रोज सकाळी दुकानात येऊन विचारायला लागली, झिरो बघितला का? माझी नजर कमी झाली तेव्हा आकडे तीच वाचायची. रेघेवर रेघ आली की म्हणायची, "बसला."

ती गेल्यावर मी दहा महिने पेट्या उघडल्या नाहीत. अमावस्या आल्या, गेल्या. मग गेल्या वर्षीचं नवरात्र आलं. वर्षाच्या आत सण करू नये म्हणतात. पण हत्यारांना कुठलं सुतक? तेल नाही लावलं तर गंज थांबत नाही. हत्यारांचं कुंकू दरवर्षी अष्टमीला सोजर तुळजापुरातनं आणायची. म्हणून अष्टमीला मी एसटीनं तुळजापूरला गेलो. ही गर्दी, पोत नाचवणारे, परड्या, हलगी. कुंकू घेतलं, पुडी खिशात टाकली, आणि ऊन लागलं म्हणून एका रसवंतीत बसलो.

मशीन घुंगरं वाजवत फिरत होतं आणि घुंगरांच्या आत कुईं कुईं आवाज होता. शाफ्ट ज्या नळीत फिरतो तो बुश खाल्लेला. टर्नर माणूस, कान तिकडंच जातात. म्हणून वाकून बघितलं. रोलर दाबायला जो बोल्ट असतो त्याच्या नटाखाली एक जाड वायसर होता. रसानं, मळीनं सगळं मशीन काळं झालेलं, आणि त्या वायसरचा घेर मात्र आरशासारखा चमकत होता.

वायसरचा घेर कुणी आरशासारखा करत नसतं.

मी हातातला ग्लास खाली ठेवला. व्हर्नियर माझ्या शर्टाच्या खिशात कायम असतो, लोकांच्या पेनासारखा. चष्मा लावला आणि रोलर थांबला त्या क्षणाला व्हर्नियर लावला. एक इंच. झिरोला झिरो.

रसवंतीवाला दत्ता, चाळिशीतला, तोंडानं फटकळ. "मामा, रस प्या न् जावा. मशिनीला हात घालू नका, बोटं जातील."

हे मशीन कुणाचं, विचारलं. त्याच्या बापानं बसवलेलं. बाप काय करायचा? सोलापूरला मिलीत फिटर होता, मिल बंद पडल्यावर इथं आला. कुठली मिल? त्यानं नाव सांगितलं. ती आमचीच मिल.

मग मी त्याला सरळ सांगितलं, हा वायसर मला पाहिजे. तो म्हणला, चांदीचा आहे काय? म्हणलं, नाही, पोलादाचा, पण मी सत्तावीस वर्षं हुडकतोय. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की उन्हानं म्हाताऱ्याचं काम झालं. नवरात्रात मशीन बंद करायचं नाही, ते तर सोडाच. वायसर काढला तर रोलर हलणार, ऊस नीट पिळणार नाही. त्याचंही बरोबर होतं.

म्हणलं, तुझं मशीन रडतंय, ऐकू येतं का? बुश गेलाय. दिवाळीपर्यंत शाफ्ट खाईल. मी तुला नवा बुश आणि नवा वायसर करून बसवतो, बदल्यात हा जुना वायसर माझा.

त्यानं डोकं खाजवलं. ऊस संपत आला होता, टेम्पो यायला तासभर होता. "तासाभरात मशीन चाललं पायजे. न्हाय चाललं तर तुमाला रोलरच्या जागी उभं करतो, मामा."

पाना घेतला, नट फिरवला. चकती हातात आली. दोन्ही तोंडं ओरबाडलेली, मधल्या भोकाशी नटानं चर पाडलेले. लुंगीला पुसून उजेडात धरली. इंग्रजी आकडे. चार. एक. आणि पुढचा आकडा नटानं खाल्लेला, वरची आडवी दांडी तेवढी राहिलेली. सात असेल. पाचलाही वर दांडी असते. मी तिथं उभा राहून त्या दांडीकडं बघत राहिलो. दत्ता म्हणला, ती इथंच ठेवा, मशीन चाललं की न्या. आणि तुमचा तो खिशातला चिमटाबी ठेवा, मशीन उघडून पळालात तर मी काय करू? त्यानं चकती आणि माझा व्हर्नियर लिंबांच्या टोपलीत टाकला.

जुना बुश घेऊन मी बसस्टँडाच्या अंगाचं लेथचं दुकान गाठलं. तिथला मिस्त्री म्हणला, आजोबा, बसा, मी करतो. म्हणलं, तुझा हात चांगला असंल, पण गरज माझी आहे. सहा वर्षांनी लेथवर उभा राहिलो. व्हर्नियर लिंबात, वाचून दाखवणारी नाही. साधा कॅलिपर मागून घेतला, त्याला आकडेच नसतात. रसवंतीत जाऊन शाफ्टवर लावून आणला; मग बुशात घालायचा, बोटाला किती अडतं त्यावरून ओळखायचं. उस्तादांनी पहिली दोन वर्षं मला तेवढंच दिलं होतं. गनमेटलचा, पितळेसारखा तुकडा लेथच्या चकात धरला. पहिला काप जपून घेतला, दुसरा बेधडक. त्या मिस्त्रीनं आपलं काम बंद केलं आणि बघत उभा राहिला. बुश झाला, वायसर झाला. तो एवढंच म्हणला, "हात जागंवर हाय, आजोबा." कुणी मला आयुष्यात याहून मोठं सर्टिफिकेट दिलेलं नाही.

परत आलो तर टेम्पो येऊन उभा, दत्ता पाना घेऊन दारात. बुश ठोकला, बसला. वायसर, नट, तेल. त्यानं बटण दाबलं. घुंगरं वाजली. फक्त घुंगरं. दत्तानं कान लावला, मशिनीभोवती एक फेरी मारली आणि आत जाऊन चकती स्वतः पाण्यानं धुऊन आणली.

"बाप म्हणायचा, ही चकती कुणाला देऊ नको," तो म्हणला. "का ते सांगितलं न्हाय. तुमाला ठावं हाय का?"

म्हणलं, माझं खरं ठरलं तर येऊन सांगेन.

घरी येईपर्यंत मी ती मुठीत धरली होती. कुणीही विचारेल, मग आल्या आल्या मापून का नाही बघितलं? कारण उन्हातलं, मुठीतलं लोखंड फुगतं. गरम चकती खोटं बोलते. चकती आणि मायक्रोमीटर दोन्ही एका जागी, एका गारव्यात ठेवायचे आणि सकाळी मोजायचं, तेव्हा माप खरं. पेटी काढली. दहा महिन्यांनी झाकण उघडलं. सोजरनं मोजून ठेवलेली सुपारी खड्ड्यात तशीच होती, कीड नाही काही नाही. ती काढली आणि चकती ठेवली. खड्ड्यात चकती बसली, पण तिथं सुपारीही बसतच होती. त्यावर भरवसा ठेवून चालत नाही. पेटी उघडी ठेवली आणि आडवा झालो.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळी आंघोळ केली, पोतं अंथरलं, एकोणीस हत्यारं मांडली. सोजरच्या लुगड्याच्या तुकड्यानं पुसली, तेल लावलं. कुंकू झाकणांनाच. अडकित्ता काढून ठेवला होता, कारण ती म्हणली होती मास्टर आला की फोडणार. सुपारी अडकित्त्यात धरली, आणि मग नाही दाबला. दुसरा पाट आणला, माझ्या पाटाला लावून मांडला, त्यावर ती सुपारी ठेवली. मेलेल्या बायकोसाठी असं चालतं का, भटजीला विचारलं नाही. पूजा केली.

मग चकती चिमट्यानं उचलली, बसकी पुन्हा एकदा पुसली, दोनदा पुसली, आणि मायक्रोमीटर हळूहळू मिटवला. स्क्रूच्या टोकाचा खटका तीन वेळा वाजला. चष्मा लावून उजेडाला धरला. रेघेवर रेघ. उस्तादांचा झिरो, एका थाऊचाही फरक नाही.

मी शेजारच्या पाटाकडं बघितलं.

"सोजर, त्या दिवशी माकणीच्या माणसासमोर तुला बोललो ते चुकलं माझं," म्हणलो. "झिरो मी बघितला नव्हता. आज बघितला. बसला."